गढीवर तिकीट

परतूरला बाहेरचा माणूस उतरला की आम्ही दोनच शक्यता धरतो. एक तर त्याला जांब समर्थला जायचं असतं, नाही तर तपोवन एक्स्प्रेसमध्ये डोळा लागून त्याचं जालना मागं राहिलेलं असतं. खास परतूर बघायला म्हणून कोणी आलंय, असं कोणाच्या ऐकिवात नाही. आम्ही स्वतःही प्रवासाच्या बाबतीत फार उत्साही नाही. १ मे १९८१ला आख्खा तालुका परभणी जिल्ह्यातून उठून नव्या जालना जिल्ह्यात गेला. तो प्रवाससुद्धा आम्ही बाजेवर बसूनच केला.

अलीकडं मात्र डिसेंबर निम्मा सरला की वाटूर फाट्याकडून एमएच बारा आणि एमएच चौदाच्या गाड्या येताना दिसतात. काच खाली होते, आतून गार हवा आणि एक गॉगल बाहेर येतो. "काका, हुरडा पार्टी कुठं आहे?" ज्याला विचारलं तो काका त्याच घडीला शेतातून हुरडा खाऊन परतत असतो, पण आपण पार्टीला गेलो होतो हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

ज्वारीचा दाणा दुधातून निघून पिठात शिरण्याआधी वाटेत पाच-सहा दिवस मुक्काम करतो. हिरवा, मऊ, दातांखाली गोड. आधी गेलात तर नुसतं पाणी, उशिरा गेलात तर भाकरीची ज्वारी. तो मुक्काम गाठायचा आणि जमिनीत वीतभर खड्डा करून आगटी पेटवायची. गोवऱ्यांचा विस्तव, जाळ नको, नुसता निखारा. त्यात कणसं खुपसायची, फिरवायची आणि दाण्याचा रंग पालटला की चटका बसत असतानाच तळहातावर चोळायची. ज्याला हे चोळणं खरोखर जमतं, त्याच्या बोटांचे ठसे रेशन दुकानातल्या मशीनला ओळखू येत नाहीत. सुपात पडलेल्या दाण्यांवर फुंकर मारली की कोंडा समोरच्याच्या तोंडावर जातो. मग जवसाची, कारळाची, तिळाची चटणी, गूळ, दही. गुळभेंडी ज्वारी असली तर दाणा बोंडातून अल्लद सुटतो. परभणीच्या कृषी विद्यापीठानं तर खास हुरड्यासाठी 'परभणी वसंत' नावाचं वाण काढलं. म्हणजे पीक हाती येण्याआधीच खाऊन टाकायच्या आमच्या सवयीला शास्त्राचाही पाठिंबा आहे.

आणि हे सगळं फुकट होतं. आगटी पेटलेली असताना बांधावरून जाणाऱ्याला हाक न मारणं हा गुन्हाच. तिकडं लातूर-धाराशिवकडं वेळा अमावास्येला गावंच्या गावं शेतात जेवायला जातात, वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही ओढून बसवतात. तिथं कोणी तिकीट मागितलं तर जेवण राहील बाजूला. आमच्याकडचा हुशार शेतकरी आगटी बांधापासून लांब, धूर कमी होईल अशी पेटवायचा. उपयोग व्हायचा नाही. पाहुण्यांना वाऱ्याची दिशा कळते.

अशा या फुकटच्या प्रथेला एका गढीवर तिकीट लागलं, त्याची ही हकिकत. गाव परतूर तालुक्यातलंच. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही ओळख काढून जाल.

गढी म्हणजे किल्ल्याचा सगळा खर्च असलेला आणि किल्ल्याचं अनुदान नसलेला वाडा. पांढऱ्या मातीच्या दोन हात रुंद भिंती, दारात ढाळज, वर माळवद, जमिनीत पेव, भिंतीत बळद. दरवाजाला हत्तीनं धडक देऊ नये म्हणून लोखंडी खिळे. हत्ती कधी आला नाही. बुरूज मूळचे चार. दोन जागेवर आहेत, दोन गावानं नेले. चोरून नव्हे. पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकावी लागते, गढीच्या मातीइतकी चिवट माती दुसरी नाही, आणि एक टोपलंभर नेली तर कोण काय म्हणणार? टोपल्या-टोपल्यानं दोन बुरूज गावातल्या घरांवर जाऊन बसले. पाऊस लागला आणि कोणाचं घर गळायला लागलं की गढीचे मालक, आबा, म्हणतात, "आमचा बुरूज गळतोय त्याच्या घरात."

गढीत धन पुरलंय, अशी गावाची पक्की खात्री आहे. आबांनी एकदा पेव साफ करून घेतलं. आतून घुशी निघाल्या, आणि घुशींनी कुरतडलेली कोर्टाची कागदं.

आबांची सून परभणीहून बीएस्सी ऍग्री होऊन आलेली. एका पौषात तिनं वही घेऊन हिशेब मांडला. गढीच्या रानात दोन एकर ज्वारी होती. एक एकर पाहुण्यांनी उभी खाल्ली आणि उरलेल्या एकरातली जाताना पिशवीत घालून नेली. कडबा तेवढा बैलांना मिळाला, तोही पाहुण्यांना खाता येत नाही म्हणून. ती सासऱ्यांपुढं वही ठेवून म्हणाली, "आबा, बारामतीकडं पंधरा-वीस वर्षांपासून लोक शेतावर पर्यटक आणतात. सरकारनं २०२०मध्ये कृषी पर्यटनाचं धोरणसुद्धा काढलंय. आपल्याकडं तर गढी आहे. माणशी पाचशे रुपये लावू."

आबांनी पान थुंकलं. "दारात आलेल्या माणसाकडून पैसे? आपण?"

इथं इतिहासाची थोडी पंचाईत होते. कारण दारात आलेल्या माणसाकडून पैसे घेणं हाच या घराण्याचा मूळ धंदा. देशमुखी म्हणजे परगण्याचा सारा गोळा करून सरकारात भरायचा आणि भरता भरता आपला हक्क बाजूला काढायचा. निजामाचे दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगांनी १८६०च्या दशकात जिलाबंदी करून सरकारी तहसीलदार आणले, वसुली देशमुखांच्या हातातून काढली आणि त्यांना घरबसल्या रुसूम बांधून दिला. तोवर पिढ्यान्‌पिढ्या या घरानं सुकाळात मागितलं, दुष्काळात मागितलं, आणि मागताना कोणाची जीभ अडखळल्याचं कुठल्या कागदात नाही. ज्या ढाळजेत कुळं पदरात ज्वारी घेऊन तासन्‌तास उभी राहिली, त्याच ढाळजेत त्यांच्या वारसाला पाचशे रुपयांच्या नुसत्या कल्पनेनं घाम फुटला. घराण्याच्या वाट्याला आलेलं मागण्याचं सगळं बळ पूर्वजांनीच संपवून टाकलं असावं.

सून हटणारी नव्हती. तिनं विलायतेचा दाखला काढला. तिकडं लाँगलीट नावाचा एक जुना, भला मोठा वाडा आहे. मालक अस्सल सरदार. वारसा-कराचा बोजा अंगावर आल्यावर त्यानं १९४९मध्ये तिकीट लावून वाडा लोकांना खुला केला. पुढं १९६६मध्ये आवारात सिंह आणून सोडले. लोक गाडीच्या काचा बंद करून सिंह बघतात आणि वर पैसे देतात.

आबांच्या कानात १९४९ एवढंच शिरलं. त्याच साली हैदराबाद राज्यातल्या जहागिरी रद्द झाल्या आणि पाठोपाठ १९५०चा कुळकायदा आला. "एकाच वर्षी," आबा म्हणाले, "त्यांनी तिकीट लावलं आन् आम्ही वकील." थोडं थांबून त्यांनी सिंहांचाही निकाल लावला. "सिंहाचं काही नडलं नाही. आपल्या रानात रानडुकरं बिनपगारी येतात."

सुनेनं मोबाइलवर आणखी दाखवलं. तिकडं मक्याच्या उभ्या पिकात वाटा कापून भुलभुलैया करतात. माणसं तिकीट काढून आत जातात, हरवतात आणि खूश होऊन बाहेर येतात. आबा म्हणाले, "त्यापरीस आपला सातबारा दाखव. बावीस नावं हायेत. आत गेलेला माणूस अजून भाईर आला नाही."

तरीही सुनेनं वर्षाचं वेळापत्रक भिंतीला चिकटवलं. पौषात हुरडा, बैलगाडी, माळ्यावर चढून गोफण. फाल्गुनात मृग बहाराची मोसंबी हातानं तोडणं; जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा झाडाखाली फोटोला मागणी येईल. वैशाखात पारा बेचाळीसच्या वर गेला की गढीच्या मधल्या सोप्यात दुपारची गार झोप. ही कल्पना आबांनी तिथल्या तिथं फेटाळली, कारण ती जागा त्यांची आहे आणि दुपारही.

पावसाळ्याच्या रकान्यात तिनं 'चिखलाचा अनुभव' असं लिहिलं. आमच्या काळ्या मातीला हा अनुभव देण्यासाठी वेगळ्या तयारीची गरज पडली नाही. संभाजीनगरहून आलेलं एक कुटुंब पाटावरच्या वाटेनं गाडी घालून मधोमध बसलं. ट्रॅक्टरनं गाडी निघाली, पण साहेबांचा एक पांढरा बूट रानातच राहिला. तो पुढं उन्हाळ्यात नांगरटीला वर आला. सालगड्यानं तो बांधावरच्या बोरीला टांगून ठेवलाय. नजर लागू नये म्हणून बरा पडतो.

पोळ्याला बैल रंगवण्याचा कार्यक्रम ठरला, तेव्हा गावात बैलच पुरेसे निघेनात. ट्रॅक्टरला झूल घालून कोणी पाचशे देईना. शेवटी शेजारच्या गावातून दोन जोड्या दिवसाच्या बोलीनं आणल्या आणि पर्यटकांच्या पोरांनी त्यांना एवढं रंगवलं की संध्याकाळी मूळ मालकाला आपले कोणते ते ओळखू येईनात.

दिवाळीनंतर कापूस वेचणी. हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला. एका ओळीत रोजच्या वेचणाऱ्या बाया, किलोमागं मजुरी घेणाऱ्या. शेजारच्या ओळीत पुण्याच्या बाया, माणशी पैसे भरून आलेल्या. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरबाडली की पुण्याची ओळ हसायची आणि फोटो काढायची. बऱ्याच वेळानं आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईनं सूनबाईला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "बाई, काय गुन्हा केलाय म्हणावं यांनी?"

पण खरी बरकत हुरड्याचीच. दाण्याचा मुक्काम पाच-सहा दिवसांचा आणि हंगाम तर दीड-दोन महिने चालला पाहिजे. म्हणून सुनेनं ज्वारी आठ-आठ दिवसांच्या अंतरानं तुकड्या-तुकड्यात पेरली. एक तुकडा उतरणीला लागला की दुसरा तयार. आबा ते बघत म्हणाले, "आमचे वडील हस्त-चित्रा बघून पेरायचे. ही शनिवार-रविवार बघून पेरती."

पहिल्या रविवारी पर्यटक आले. ढाळजेत आबा, डोक्याला फेटा, पुढ्यात पानाचा डबा. पर्यटकांनी विचारलं, "इथं ऍक्टिव्हिटीज काय काय आहेत?"

"बसा," आबा म्हणाले.

"बसलो. मग पुढं?"

"पुढं अजून बसा. घाई काय हाये उठायची?"

एका काकांनी माळ्यावर चढून गोफण हातात घेतली. गोफणीत दगड ठेवून ती डोक्याभोवती फिरवायची आणि नेमक्या क्षणी एक दोरी सोडायची, एवढंच त्यात आहे. काकांनी क्षण निवडला तो दगडाला पसंत नव्हता. दगड पाखरांकडं न जाता मागं लावलेल्या त्यांच्याच गाडीच्या काचेवर गेला. त्या दिवसापासून गढीच्या रानातली पाखरं निर्धास्त झाली. पर्यटक माळ्यावर चढला की ती कणसावरून उठतसुद्धा नाहीत.

संध्याकाळी पर्यटकांनी खिशाला हात घातला. "काका, किती झाले?"

"होऊ द्या हो," आबा म्हणाले. "त्याचं काय एवढं?"

पर्यटकांना वाटलं, हीच इथली पद्धत असेल. ते भारावले, आबांच्या पाया पडले, आणि आबांनी प्रत्येकाच्या हातात हुरड्याची पिशवी दिली. आत आबांच्या पत्नीनं, माईंनी, आलेल्या बायकांच्या ओट्या भरल्या. रात्री सुनेनं वही उघडली. जमा काही नाही. खर्चात खण, नारळ आणि गाडीच्या काचेची भरपाई, कारण आपल्या रानात काच फुटली म्हणून आबांनी तीही दिली होती.

दुसऱ्या रविवारी ढाळजेच्या खांबाला क्यूआर कोड चिकटला आणि कोनाड्यात, जिथं पूर्वी दिवटी ठेवत, तिथं पैसे आल्याची दवंडी देणारी पेटी बसली. आता तोंडानं मागायचं काम उरलं नाही. पण ज्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या आपली आमदनी भिंतीच्या आत ठेवली, त्या घराच्या दारात आता एक बाई वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होती, "पाचशे रुपये प्राप्त झाले!" दुपारपर्यंत गढीचा जमाखर्च गावातल्या पोरांना पाठ झाला. चार वाजता सोसायटीचे सचिव पीककर्जाच्या थकबाकीची आठवण द्यायला आले. आवाज त्यांच्या ओट्यापर्यंत पोचत होता. आबांनी पेटीवर गोधडी टाकली. पेटी गोधडीतून बोलू लागली, ते जास्तच संशयास्पद वाटायला लागलं.

तरी पैसे येत होते, हे खरं. ते बंद पाडले आबांच्या जुन्या सवयीनं. दारात आलेल्या माणसाला चार प्रश्न विचारल्याशिवाय आत सोडायचं नाही, ही गढीची रीत. गाव कोणतं? आडनाव काय? मामाकुळ कुठलं? पोरी कुठं दिल्यात? मराठवाड्यात चौथ्या प्रश्नापर्यंत नातं निघालं नाही असा माणूस जन्माला यायचाय. सेलूचे निघाले तर ते माईंच्या माहेराकडून लागायचे. मंठ्याचे निघाले तर थोरल्या आत्याच्या दिराकडून. आणि नातं निघालं की आबा स्वतः उठून क्यूआर कोडवर हात ठेवायचे. "खुळे झालात का? घरच्या माणसांनी पैसे द्यायचे?" एक बंगाली बँक अधिकारी आले, तेव्हा सुनेनं निःश्वास टाकला. पण त्यांची पहिली बदली नांदेडला झाली होती, तिथले त्यांचे घरमालक आबांच्या साडूचे व्याही निघाले, आणि बंगाल गढीच्या नात्यात आला.

ही बातमी पसरायला वेळ लागत नाही. पुढच्या आठवड्यात पुण्याहून लोक नात्याचा अभ्यास करूनच यायला लागले. गाडीतून उतरता उतरता म्हणायचे, "आमच्या आजीच्या मावशीला परतूरकडंच दिलं होतं म्हणे." आबांना गहिवरून यायचं. पेटी गप्प बसली. सोसायटीचे सचिवही यायचे थांबले.

सुनेनं वाद घातला नाही. पुढच्या हंगामाला तिनं ढाळजेबाहेर एक फळा लावला. त्यावर लिहिलं होतं: 'पर्यटक: माणशी ५०० रुपये. पाहुणे: मोफत.' आबा वाचून खूश झाले. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, 'पाहुण्यांनी घरच्यासारखं वागावं', तीही त्यांना शोभेशी वाटली.

तिचा अर्थ पहिल्या रविवारी उघडा पडला. आत्याच्या दिराकडून लागणारे मंठ्याचे पाहुणे सकाळी आले, तेव्हा सूनबाई पदर खोचून उभीच होती. "बरं झालं लवकर आलात. घरचंच आहे, तेव्हा संकोच नको. दाजी, तुम्ही माळ्यावर जा गोफण घेऊन, पाखरं लई झालीत. वहिनी, गोठ्यामागनं गोवऱ्यांच्या दोन पाट्या आणा. आणि भाऊजी, पर्यटक येतील दहाला, त्यांच्यासाठी कणसं चोळायला बसा. निखारा भडकू देऊ नका."

दहा वाजता पर्यटक आले. ते पाचशे भरून बाजेवर बसले, आणि थोड्याच वेळात माळ्यावर चढायचं, गोफण फिरवायची, कणसं चोळायची म्हणून हट्टाला पेटले. त्याचे सुनेनं वेगळे शंभर लावले होते. म्हणजे एकाच माळ्यावर एक माणूस पैसे भरून चढत होता आणि दुसरा पैसे वाचवायला चढलेला खाली उतरायला बघत होता. दाजींनी तासाभरात हिशेब जुळवला. ते माळ्यावरून उतरले, हाताची धूळ झटकली, मोबाइल काढला आणि खांबासमोर उभे राहून म्हणाले, "नातं तसं लांबचंच आहे म्हणा." पेटी वर्षभरानं बोलली. मागोमाग भाऊजी आले. वहिनींनी तर गोवऱ्यांची पाटी अर्ध्या वाटेत ठेवली आणि तिथूनच कोणाचा तरी नंबर मागितला.

ढाळजेत बसून आबा हे सगळं पाहत होते. "आमच्या पणजोबांना वसुलीला स्वार ठेवावे लागले," ते मला म्हणाले. "हिला एक फळा पुरला."

त्या हंगामात गढीचे बरेच नातेवाईक आपखुशीनं कमी झाले. पोळ्याला न चुकता येणारे मावसभाऊ आता आडनाव विचारलं की विषय बदलतात. परवा सेलूला एका लग्नात आबांचे सख्खे साडू भेटले. मी गढीकडचा म्हणून कोणीतरी ओळख करून दिली, तेव्हा नमस्कार करायच्या आधीच त्यांनी हात वर केला. "आम्ही पाहुण्यांत नाही हं," ते घाईनं म्हणाले. "आम्ही पाचशेवाले."